चादरीचं दुसरं टोक : सिस्टर होऊ पाहणाऱ्या मुलीसाठी

पहिल्यांदा भेटायला येणारी मुलगी बहुधा एकच प्रश्न घेऊन येते. "सिस्टर, देव मला बोलावतोय हे ओळखायचं कसं?" आमच्या संघात, म्हणजे कॅथोलिक सिस्टरांच्या (नन) समूहात, नव्या मुलींशी बोलायचं काम गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे. सुरुवातीला हा प्रश्न आला की मी प्रार्थनेबद्दल बोलायचे. हल्ली आधी विचारते, "घरी तुझ्या खोलीत आणखी कोण झोपतं? त्या माणसाशी तुझं कसं जमतं?" मुली गोंधळतात. एकीने तर स्पष्टच सांगितलं, "सिस्टर, मी देवाबद्दल विचारतेय, बहिणीबद्दल नाही."

तिला मी जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते. तूही असाच प्रश्न मनात घेऊन फिरत असशील तर वाच.

मी बाविसाव्या वर्षी आले. नर्सिंग पूर्ण झालं होतं, आठ महिने नोकरीही झाली होती. रात्रपाळीत एक सिस्टर मला रोज दिसायची. वॉर्डात कुणाचं शेवटचं चाललं असेल तर ती खुर्ची ओढून पलंगाशी बसायची आणि माणूस जाईपर्यंत उठायची नाही. हातात जपमाळ असायची, पण दुसरा हात कायम त्या माणसाच्या मनगटावर. मला वाटलं, जगायचं तर असं. आयुष्याला काहीतरी अर्थ असावा असं मला फार वाटत होतं, आणि तो अर्थ मला त्या खुर्चीत बसलेला दिसला.

पहिल्या मुलाखतीत संघाच्या एका वयस्कर सिस्टरनी मला विचारलं, "हे तर तू नर्स राहूनही करशील. मग सिस्टर कशाला व्हायचंय?" मला उत्तर देता आलं नाही. राग आला, रडूही आलं. आपल्या श्रद्धेवर शंका घेतल्यासारखं वाटलं. त्या प्रश्नाचं उत्तर मिळायला मला पुढे पंधराएक वर्षं लागली, आणि ते वॉर्डात मिळालंच नाही.

त्याकडे येते. आधी थोडी माहिती सांगते, कारण ती नसल्यामुळे मुली चुकीच्या दारात जाऊन उभ्या राहतात.

आपण सरसकट सगळ्यांना नन म्हणतो, पण त्यात दोन अगदी वेगळी जीवनं आहेत. काही जणी मठाच्या भिंतींच्या आत राहून प्रार्थना आणि श्रम एवढंच करतात. कार्मेलाइट, पुअर क्लेअर, बेनेडिक्टाइन ही त्यातली ओळखीची नावं. दुसऱ्या आमच्यासारख्या, ज्या शाळा, दवाखाने, वस्त्या, तुरुंग इथे काम करतात आणि संध्याकाळी कॉन्व्हेंटमध्ये परततात. शांत राहायला आवडतं म्हणून कुणी मठाकडे धावतं, माणसं आवडतात म्हणून कुणी आमच्याकडे. दोन्ही कारणं अपुरी आहेत. मठात तर तीच दहा-पंधरा माणसं आयुष्यभर समोर असतात, त्यामुळे माणसांचा कंटाळा असणाऱ्या मुलीला तिथे सगळ्यांत जड जातं.

आमच्यासारख्या सिस्टरांना चर्चमध्ये पक्की जागा मिळायला शतकं लागली, हे मला नोव्हिशिएटमध्ये, म्हणजे व्रतं घेण्याआधीच्या तयारीच्या काळात, कळलं आणि त्याचं फार अप्रूप वाटलं. 1563 मध्ये कॅथोलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने संन्यस्त स्त्रियांनी बंदिस्त मठातच राहावं हा नियम कडक केला. 1633 मध्ये फ्रान्समध्ये लुईझ द मारियाक आणि व्हिन्सेंट द पॉल यांनी डॉटर्स ऑफ चॅरिटी सुरू केलं तेव्हा त्या बायकांना गरिबांच्या घरी जायचं होतं, म्हणून त्यांनी स्वतःला मठवासिनी म्हणवून घेतलंच नाही. आजही त्या दर वर्षी आपली व्रतं नव्याने घेतात. शेवटी 1900 मध्ये पोप लिओ तेरावे यांनी बाहेर काम करणाऱ्या संघांना रीतसर मान्यता दिली. आज जगभरात सुमारे 6 लाख सिस्टर आहेत. मी हॅबिट, म्हणजे सिस्टरांचा पोशाख, घालून रस्त्याने चालते त्यामागे त्या सगळ्या जणींची चिकाटी आहे.

आता पायऱ्या. नावं संघागणिक थोडी बदलतात, पण क्रम तोच. आधी ओळखीचा काळ: भेटीगाठी, चार-आठ दिवस राहून येणं. मग उमेदवारी आणि पोस्ट्युलन्सी, म्हणजे घरात राहून शिकणं, शिक्षण किंवा काम थोडंफार चालू ठेवणं. मग नोव्हिशिएट, जो सगळ्याचा गाभा. चर्चच्या 1983 च्या कायद्याप्रमाणे तो निदान 12 महिन्यांचा असावाच लागतो, आणि वयाची 17 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय त्यात घेता येत नाही. बरेच संघ तो दोन वर्षांचा करतात. त्यानंतर पहिली व्रतं, तीही ठरावीक मुदतीची. मुदतीच्या व्रतांचा काळ साधारण 3 ते 6 वर्षं, गरज पडली तर 9 पर्यंत. त्यानंतर अखेरची, आयुष्यभराची व्रतं. ती 21 वर्षांच्या आत घेता येत नाहीत. बंदिस्त मठांत हा प्रवास आणखी लांब असतो.

हे आकडे मी मुद्दाम देते आहे. "मी गेले तर अडकेन" अशी भीती जवळजवळ प्रत्येकीला असते, तिच्या आईवडिलांना तर असतेच. खरं म्हणजे पहिल्या दिवसापासून अखेरच्या व्रतांपर्यंत सात-आठ वर्षं सहज जातात, आणि वाटेत प्रत्येक पायरीवर तुला विचारलं जातं, पुढे यायचंय का. नोव्हिस, म्हणजे नोव्हिशिएटमधली मुलगी, कधीही उठून घरी जाऊ शकते. संघही तिला जायला सांगू शकतो. मुदतीची व्रतं संपली की दार उघडंच असतं.

आणखी काही गोष्टी कायद्यात तुझ्या बाजूने लिहिलेल्या आहेत, त्या तुला ठाऊक असलेल्या बऱ्या. जबरदस्तीने, भीती घालून किंवा फसवून कुणाला घेतलं तर तो प्रवेशच ग्राह्य धरला जात नाही. डोक्यावर फेडता न येणारं कर्ज असेल तर संघ तुला घेऊ शकत नाही. म्हणजे कर्जापासून पळून यायची ही जागा नाही, आणि कर्ज असेल तर ते आधी मोकळेपणाने सांग. तब्येत, स्वभाव, मनाची परिपक्वता हे सगळं तपासलं जातं, हल्ली बहुतेक ठिकाणी मानसतज्ज्ञांची भेटही असते. त्याला घाबरू नकोस.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: तुझ्या अंतःकरणातलं सगळं आपल्यापुढे उघड कर असा आग्रह सुपिरिअरने, म्हणजे प्रमुख सिस्टरने, धरायला कायद्याने सक्त मनाई आहे. तुला आपणहून बोलावंसं वाटलं तर जरूर बोल. पण पापनिवेदन कुणाकडे करायचं, आध्यात्मिक मार्गदर्शन कुणाकडून घ्यायचं, यात तुला मोकळीक मिळालीच पाहिजे. एखाद्या ठिकाणी घरच्यांशी बोलणं तोडायला लावतात, प्रश्न विचारला की श्रद्धा कमी असल्याचं सांगतात, घाईने सही घेतात, एखादी व्यक्ती देवाच्या नावाने तुझ्या शरीरावर किंवा मनावर ताबा मिळवू पाहते, असं दिसलं तर तिथून नीघ आणि बाहेरच्या विश्वासाच्या माणसाला सांग. हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण या जीवनावर माझं प्रेम आहे. पण प्रेम आहे म्हणूनच ते लिहायला हवं.

उमेदवारीत बहुतेक संघ तुला स्वतःबद्दल चार पानं लिहायला सांगतात. कुठे जन्मले, घर कसं होतं, इथे का आले. अशाच पानांवर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला. स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम या संघातल्या 678 वयस्कर सिस्टरांनी 1986 पासून चाललेल्या संशोधनात भाग घेतला. त्यांतल्या 180 जणींनी तरुणपणी लिहिलेल्या आत्मवृत्तांची तुलना पुढे त्यांच्या आयुर्मानाशी केली गेली. ज्यांच्या लिखाणात आनंद, आशा, कृतज्ञता जास्त उमटली होती त्या सरासरीने जास्त वर्षं जगल्या. संशोधकांना सिस्टर का हव्या होत्या? कारण सगळ्यांचं राहणं, खाणं, औषधोपचार जवळपास सारखे. आमच्या मुली हे ऐकून गोड गोड लिहायला लागतील म्हणून मी त्यांना लगेच सांगते, तुझ्या मनात आहे तेच लिही. माझ्या पानांत मी वडिलांवरचा राग लिहिला होता. नोव्हिसना घडवणाऱ्या सिस्टरनी, नोव्हिस मिस्ट्रेसनी, त्यावर एकच वाक्य लिहून पानं परत दिली: "यांना भेटायला कधी जायचं, ते तू ठरव."

दिवस कसा जातो, हे सगळ्याच विचारतात. पहाटे उठणं, ध्यान, प्रातर्प्रार्थना, मिस्सा (ख्रिस्तयाग), न्याहारी, काम. दुपारी थोडी प्रार्थना. संध्याकाळी सायंप्रार्थना, जेवण, एकत्र गप्पांचा अर्धा-पाऊण तास, रात्रीची प्रार्थना, मौन. कागदावर हे सुंदर दिसतं. प्रत्यक्षात पहिले सहा महिने झोप पुरत नाही आणि घंटेचा राग येतो. हातातलं काम अर्धवट टाकून उठायचं, हे मला फार छळायचं. नर्सच्या हाताला अर्धवट सोडायची सवय नसते. पुढे मीच घंटा वाजवणारी झाले तेव्हा कळलं, घंटा ऐकून एकेक दार उघडतं, एकेक जण बाहेर येते आणि कुणाच्या चालण्यात काय बिनसलंय ते व्हरांड्यातच दिसतं. कितीतरी आजारपणं मी त्या व्हरांड्यात ओळखली आहेत.

स्तोत्रांबद्दल एक सांगते. प्रार्थनेत रोज स्तोत्रं म्हणतो. पुष्कळदा त्या दिवशी आपल्याला मुळीच न वाटणारं काहीतरी म्हणावं लागतं. मी आनंदात असताना ओठांवर विलाप, आणि मी खचलेली असताना जयघोष. आधी हे खोटं वाटायचं. एकदा रुग्णालयात एक मूल दगावलं त्या संध्याकाळी मी चॅपेलमध्ये आले, तोंडातून शब्द फुटेना. डाव्या बाजूच्या सिस्टर स्तुतीची ओळ म्हणत राहिल्या. माझी ओळ त्या म्हणत होत्या. दुसऱ्या कुणासाठी विलाप म्हणायची पाळी माझ्यावर कितीदा आली असेल, ते त्यानंतर मला नीट दिसायला लागलं.

आता व्रतं. ब्रह्मचर्य, दारिद्र्य, आज्ञापालन. पुस्तकी अर्थ तुला शिकवतीलच. अंगावर ती कशी येतात, ते सांगते.

दारिद्र्य माझ्याकडे चपलांच्या रूपाने आलं. वॉर्डाची इनचार्ज होते, लाखोंच्या औषधांचा साठा माझ्या सहीने हलायचा, आणि चप्पल तुटली की घरच्या खजिनदार सिस्टरकडे पैसे मागायचे. पगार थेट संघाच्या खात्यात. तिशीतल्या बाईला मागण्याची लाज वाटते गं. मी दोन महिने तुटकी चप्पल शिवून घातली, आणि त्यात श्रद्धेपेक्षा मानीपणा जास्त होता. पुढे खजिनदारी माझ्याकडे आली. तेव्हा लक्षात आलं की एक सिस्टर दोन वर्षं जुन्या नंबरचाच चष्मा वापरत होती, घराला परवडणार नाही असं स्वतःच ठरवून. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या तारखेला मी वही घेऊन प्रत्येकीच्या खोलीत जाते आणि विचारते: चष्मा, चपला, दात, औषध? आमच्या घरात दारिद्र्याच्या व्रताबद्दल मला याहून नेमकं काही सांगता येत नाही.

ब्रह्मचर्याचा अवघड काळ माझ्याकडे पस्तिशीत आला, ऐन विशीत नाही. बाहेरच्या, बरोबरीच्या मैत्रिणींची मुलं शाळेत जायला लागली होती. रविवारची संध्याकाळ खायला उठायची. त्याच सुमारास एका सहकाऱ्याबद्दल मनात ओढ निर्माण झाली. मी कुणाला सांगितलं नाही, आणि न सांगितल्यामुळे ती वाढली. शेवटी रिट्रीटमध्ये, म्हणजे फक्त प्रार्थनेसाठी काढलेल्या दिवसांत, आध्यात्मिक मार्गदर्शक असलेल्या एका म्हाताऱ्या सिस्टरना सांगितलं. त्या दचकल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुझ्या घरात तू शेवटचं कुणाशी मनातलं बोललीस?" मला आठवेना. वर्षभर मी कामाबद्दल बोलत होते. त्यांनी मला आज्ञा वगैरे काही केली नाही. आठवड्यातून एकदा घरातल्या एकीबरोबर अर्धा तास चालायला जायला सांगितलं. ओढ लगेच गेली नाही. पण तिला एकटीला पूर्ण खोली मिळेनाशी झाली. तुलाही असं होईल. झालं तर पाचारण खोटं होतं असं समजू नकोस, आणि मनात कोंडूनही ठेवू नकोस.

आणि आज्ञापालन. अकरा वर्षं रुग्णालयात काढल्यावर एके दिवशी प्रोव्हिन्शियलचं, म्हणजे संघाच्या आमच्या विभागाच्या प्रमुख सिस्टरचं, पत्र आलं. वृद्ध आणि आजारी सिस्टरांच्या घरी माझी बदली झाली होती. मी भेटायला गेले, मला काय वाटतं ते सगळं सांगितलं. आज्ञापालन म्हणजे तोंड शिवून बसणं नव्हे. आपलं म्हणणं मांडायचा हक्क आहे आणि ते ऐकून घेणं वरिष्ठांचं कर्तव्य आहे. त्यांनी शांतपणे ऐकलं, दहा दिवस विचारासाठी घेतले आणि तरीही जायला सांगितलं. मी गेले. चांगल्या मनाने गेले असं म्हणणार नाही. ती रात्रपाळीतली खुर्ची, जिच्यासाठी मी आले, तीच काढून घेतली असं वाटत होतं.

मदर तेरेसांचा विचार त्या दिवसांत मी खूप केला. 1928 मध्ये त्या लोरेटो संघात गेल्या. 1946 मध्ये गरिबांत जाऊन राहायचं बोलावणं त्यांना जाणवलं, पण त्या तशाच बाहेर पडल्या नाहीत. परवानगी मिळेपर्यंत, 1948 पर्यंत, थांबल्या. 1950 मध्ये त्यांच्या संघाला मान्यता मिळाली. आणि त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या पत्रांतून दिसलं की पुढची कित्येक दशकं त्यांना प्रार्थनेत देव जाणवतच नव्हता. मला पूर्वी वाटायचं, अशा माणसांच्या आत कायम दिवा लागलेला असणार. तो नसतानाही त्या रोज पहाटे चॅपेलमध्ये जाऊन बसत होत्या, हे वाचून मला धीर आला. "मला काहीच जाणवत नाही, म्हणजे मी इथली नाही" असं जेव्हा एखादी नोव्हिस म्हणते तेव्हा मी तिला हेच सांगते. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांचा जुना सल्लाही सांगते: मन कोरडं, उदास असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. आधी उजाडू दे.

त्या नव्या घरात आम्ही एकवीस जणी होतो. मी सगळ्यांत तरुण. घराची व्यवस्था पाहणाऱ्या सिस्टरशी माझं पहिल्या महिन्यातच बिनसलं. एका आजारी सिस्टरच्या औषधाची वेळ मी न विचारता बदलली होती. वैद्यकीयदृष्ट्या माझं बरोबर होतं. पण विचारायला हवं होतं. त्यांनी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर सुनावलं, मीही उलट बोलले. त्यानंतर तीन आठवडे आमच्यात कामापुरतेच शब्द. चॅपेलमध्ये शेजारी, टेबलावर समोर, आणि बोलणं नाही. घरात राहून असं वागणं किती थकवतं ते अनुभवल्याशिवाय कळत नाही.

सोमवारी धुणं असायचं. एकवीस पलंगांच्या चादरी, मोठ्या, जाड. त्या एकटीला घडी करता येत नाहीत. नेहमी मदतीला येणारी सिस्टर त्या दिवशी तापाने झोपली होती. मी दोरीपाशी पहिली चादर हातात घेऊन उभी राहिले, तिची टोकं जमिनीला लागू नयेत म्हणून हात वर धरून. तेवढ्यात त्या व्यवस्था पाहणाऱ्या सिस्टर आल्या आणि काही न बोलता दुसरं टोक उचललं. दोघींनी ताणून झटका दिला, मधोमध दुमडली, पुन्हा ताणली, आणि मग एकमेकींकडे चालत आलो. घडी पुरी करायची तर चालत यावंच लागतं. माझ्या हातातली टोकं त्यांच्या हातात दिली, वाकून खालची कड उचलली. दुसरी चादर. तिसरी. सहाव्या चादरीला मी चुकीची बाजू धरली. "उलटी," त्या म्हणाल्या. मी सुलटी केली. दहाव्या-बाराव्या चादरीला टोकं घेताना त्या म्हणाल्या, "हात किती गार पडलेत तुझे." एवढंच. एकविसावी चादर ठेवून झाली तेव्हा मी म्हटलं, "सिस्टर, मी विचारायला हवं होतं." त्या म्हणाल्या, "मी टेबलावर बोलायला नको होतं."

आमची खास मैत्री काही झाली नाही. आमचे स्वभाव जुळत नाहीत, आजही नाहीत. पण त्या घरातली आठ वर्षं दर सोमवारी चादरींच्या घड्या आम्ही दोघींनीच घातल्या.

मी ज्यांना निवडलं नव्हतं आणि ज्यांनी मला निवडलं नव्हतं अशा माणसांबरोबर मी राहात होते, कारण आम्हा सगळ्यांना एकाच येशूने हाक मारली होती. बाहेर नर्स म्हणून मी कितीही चांगलं काम केलं असतं, तरी त्या सिस्टरपासून मी घर बदलून लांब गेले असते. इथे जाता येत नव्हतं. त्या मुलाखतीतल्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. लिझ्यूची संत तेरेझा पंधराव्या वर्षी कार्मेल मठात आली आणि चोविसाव्या वर्षी, 1897 मध्ये, वारली. प्रार्थनेच्या वेळी मागे बसलेल्या एका सिस्टरच्या बारीक कुरकुर आवाजाने तिचा जीव मेटाकुटीला यायचा. तो आवाज संगीतासारखा ऐकायचा प्रयत्न ती करत राहिली. फार लहान गोष्ट वाटते. सामुदायिक जीवनात एकदा वर्षभर राहिलीस की लहान वाटणार नाही.

त्याच घरात एक्क्याण्णव वर्षांच्या एक सिस्टर होत्या. एकेकाळी मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका. आता त्यांना स्वतःचं नावही कधीकधी आठवत नसे. मी त्यांची नखं कापायचे, केस विंचरायचे. दर संध्याकाळी त्या पाच-सहा वेळा विचारायच्या, "घंटा झाली का?" झाली की मी व्हीलचेअर चॅपेलमध्ये न्यायचे. स्तोत्रं चालू असताना त्या गप्प असायच्या. पण मारियेचं गीत सुरू झालं, "माझा जीव प्रभूला थोर मानतो," की त्यांचा आवाज उठायचा आणि शेवटपर्यंत एक शब्द चुकायचा नाही. शाळा गेली होती, विद्यार्थिनींची नावं गेली होती, ज्या कामासाठी लोक त्यांना ओळखायचे त्यातलं काही उरलं नव्हतं. तरी आमच्या घरात त्यांच्याइतकं पक्कं सिस्टरपण दुसऱ्या कुणाचं नव्हतं. त्या गेल्या त्या रात्री मी खुर्ची ओढून त्यांच्या पलंगाशी बसले. माझ्या मागे घरातल्या, चालता येणाऱ्या सगळ्या जणी उभ्या होत्या. वॉर्डातल्या त्या सिस्टरच्या खुर्चीमागेही एक घर असणार, हे बाविसाव्या वर्षी मला दिसलं नव्हतं.

म्हणून तुला सांगते, अर्थ फक्त कामात ठेवू नकोस. काम बदलतं, तब्येत काम काढून घेते, संघ एखादी संस्था बंदही करतो. तू शिक्षिका होशील आणि तुला स्वयंपाकघर मिळेल, तू गाणारी असशील आणि हिशेबाची वही मिळेल.

ज्या परत जातात त्यांच्याबद्दलही बोलायला हवं, कारण त्याबद्दल कुजबुजीतच बोललं जातं. माझ्या तुकडीत आम्ही सात जणी होतो. अखेरची व्रतं तिघींनी घेतली. चौघी गेल्या. एक नोव्हिशिएटमध्ये, दोघी पहिल्या व्रतांची मुदत संपल्यावर, आणि एक अखेरच्या व्रतांच्या ऐन तोंडावर. त्या शेवटच्या मैत्रिणीला तिच्या घरी काही दिवस तोंड लपवून राहावं लागलं, आणि तो अन्याय होता. तिने प्रामाणिकपणे शोधलं आणि प्रामाणिकपणे उत्तर ऐकलं. आज तिची दोन मुलं मला मावशी म्हणतात. मात्र एक व्यवहाराची गोष्ट आधीच समजून घे: संघात केलेल्या कामाचा मोबदला बाहेर पडताना हक्काने मागता येत नाही, पण जाणाऱ्या बाईशी न्यायाने आणि प्रेमाने वागणं संघावर कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या संघात प्रत्यक्षात काय करतात, हे सुरुवातीलाच विचार. शिक्षणही शक्यतो पूर्ण करून ये. तुझ्या हातात एक कौशल्य असलेलं तुला आणि संघाला, दोघांनाही बरं.

घरी सांगणं तुला कदाचित सगळ्यांत कठीण जाईल. मी चिठ्ठी लिहून ठेवली होती. तसं करू नकोस. माझ्या आईने ती चिठ्ठी वर्षानुवर्षं जपून ठेवली आणि माझे बाबा तीन वर्षं भेटायला आले नाहीत. समोर बसून सांग. त्यांना रडू दे, रागावू दे, आणि ताबडतोब होकार मागू नकोस. त्यांना कॉन्व्हेंट दाखवायला घेऊन जा, सिस्टरांबरोबर जेवू दे. माझे बाबा शेवटी आले तेव्हा त्यांनी मला काही विचारलं नाही. ते घरातल्या एका म्हाताऱ्या सिस्टरशी तासभर बोलत बसले आणि निघताना म्हणाले, "तुझं म्हातारपण बघायला इथे माणसं आहेत." त्यांना तेवढं कळायला हवं होतं.

तुला आता काय करता येईल? एखाद्या जाणत्या धर्मगुरूशी किंवा सिस्टरशी बोलायला लाग, महिन्यातून एकदा पुरे. एकच संघ पाहून ठरवू नकोस. दोन-तीन तरी बघ, त्यात जमलं तर एक बंदिस्त मठही असू दे. राहायला जाशील तेव्हा चॅपेल कितीही सुंदर असलं तरी तिथेच बसून राहू नकोस. जेवणाच्या टेबलावर लक्ष ठेव: म्हाताऱ्या सिस्टरांना कोण वाढतं, एखादी गप्प असेल तर कुणाच्या लक्षात येतं का, सुपिरिअरशी मतभेद झाला तर दुसऱ्या दिवशी वातावरण कसं असतं, हसू मोकळं आहे का. घरातल्या सगळ्यांत तरुण सिस्टरला आणि सगळ्यांत वयस्कर सिस्टरला वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचार, "इथे तुम्हाला सगळ्यांत जड काय गेलं?" दोघीही उत्तर देतात का ते बघ.

आणि दिवस निवडायची मुभा मिळाली तर धुण्याच्या दिवशी जा.